मागच्या झाकणावरची अक्षरं

ती. बाबा,

तुमची नजर गेल्यापासून माझी पत्रं ताई तुम्हाला वाचून दाखवते. हे मात्र तिच्या तोंडून तुमच्या कानावर पडायला नको, म्हणून टपालपेटीत टाकणार नाही.

आपल्या घड्याळांच्या दुकानात विकायला भंगारवाल्याकडून एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ घेतलं. मागच्या झाकणावर बारीक अक्षरं कोरलेली होती. गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव नको असतं, म्हणून न वाचताच पॉलिशच्या चाकावर धरलं. झाकण आरशासारखं लखलखलं. मग उघडलं, तर आत तुम्ही सुईने कोरलेला दुरुस्तीचा नंबर!

"आधी उघड, मग घास," हे तुम्ही घसा कोरडा होईस्तोवर सांगायचात.

त्या नंबरावरून तुमच्या वहीत पत्ता सापडला. मालक वारलेत. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आजींनी घड्याळ कानाला लावलं, हसल्या, मग उलटं करून बोट फिरवत राहिल्या.

"इथं त्यांनी माझ्यासाठी काहीतरी कोरून घेतलं होतं. मला वाचता येत नव्हतं. म्हणायचे, शिक आणि तूच वाच. शिकले, पण तोवर मुलाने घड्याळ विकून टाकलं होतं."

"झिजलं असेल, आजी," मी म्हणालो.

"असेल बाबा. मीच उशीर केला."

घड्याळ त्यांच्याकडेच ठेवून आलो.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. वहीत पत्त्याखाली तुमच्या अक्षरात एक ओळ आहे: 'मागच्या अक्षरांना हात लावू नये.'

तुमच्याच खुर्चीत बसणारा,
तुमचा मुलगा