देवापुढे सोडलेल्या गोळ्या

प्रिय जयराज,

मागच्या मंगळवारी सकाळी मी तुझ्या कॉटशेजारी स्टुलावर पाऊण तास बसून होतो. पहाटेच्या गाडीने उंब्रजहून निघालो, कराडला गाडी बदलली, सांगलीत उतरून दवाखान्यापर्यंत चालत आलो. तुला काय काय सांगायचं ते वाटभर मनात जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य धड बोलता आलं नाही. सिस्टर गोळ्यांची वाटी आणि पाण्याचा पेला घेऊन आली, तेव्हा तू नुसती मान हलवलीस आणि म्हणालास, "देवापुढं सोडल्यात." ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "गड्या, मीच सोडायला लावल्या, आता मीच सांगतोय, घे." तू भिंतीकडचं तोंड वळवलंसुद्धा नाहीस. "तू कोन सांगनार? तुला दिल्या न्हवत्या. देवाला दिल्यात." एवढंच बोललास आणि चादर ओढून घेतलीस. तुझ्यासाठी आणलेली केळी मी पिशवीतून तशीच परत घेऊन आलो, हे मला कराडच्या स्टँडवर कळलं.

परतीच्या वाटेवर मला तुझा राग आला होता. खोटं कशाला सांगू? वाटलं, या माणसाचा हट्ट लहानपणापासून असाच आहे. तू मामाकडे शिकायला आलास त्या वर्षीची गोष्ट. एकोणतीसचा पाढा चुकला म्हणून मास्तर तुला म्हणाले, मी सांगेपर्यंत उभा राहा, आणि ते तालुक्याला मीटिंगला निघून गेले. शाळा सुटली, आम्ही दप्तरं घेऊन पळालो. तू उभाच. दिवेलागणीला तुझी मामी शोधत आली तेव्हा शिपाई तुझ्यापुढे हात जोडत होता, "आरं लेका, जा की घरला, मला कुलूप लावायचंय!" तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. फौजेत तुझ्या याच स्वभावाचं नाव झालं. आणि आता तोच स्वभाव तुला गिळायला बसलाय. तुझे डॉक्टर मला बाहेर गाठून म्हणाले की सुई देऊन असे किती दिवस ढकलणार, त्यांनी मनाने गोळी घेतली पाहिजे, नाहीतर हा माणूस हातचा जाईल. जिन्याजवळ रेश्मावहिनी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. "भावजी, तुमीच सोडायला लावल्या, आता तुमीच कायतरी करा," म्हणाल्या आणि डब्याची पिशवी घेऊन वर गेल्या.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा ओळीने मांडू दे. माझं नेमकं कुठे चुकलं ते मला ओळीनेच सापडतं.

तू पौषात आटपाडीहून माझ्याकडे राहायला आलास तेव्हा तुझी काय दशा होती! डाळिंबाची बाग तू वहिनींवर टाकली होतीस. रात्र रात्र जागा असायचास. बर्फाचा कडा तंबूवर आला, तुझे दोन सोबती त्याखाली गेले, त्याला अकरा वर्षं झाली होती. तरी दाराची कडी वाजली की तू ताडकन उभा राहायचास. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनीच म्हटलं होतं, योगासनं करा, श्वासाचा अभ्यास करा, फायदा होईल. म्हणून तू भैरवनाथाच्या मंडपातल्या माझ्या वर्गाला आलास. पहिले आठ दिवस तुला शवासनात डोळे मिटवत नव्हते. मी म्हणालो, उघडे ठेव, दाराकडे तोंड करून झोप, कोण येतंय-जातंय ते तुला दिसू दे. बाराव्या दिवशी तू शवासनात घोरायला लागलास. आठवतंय? बेचाळीस माणसं आपापल्या सतरंजीवर गप्प बसून राहिली. कुणी तुला उठवलं नाही. राहीबाईचं डेअरीला दूध घालायचं राहिलं. ती कुजबुजत म्हणाली, "राहू दे आज. वासरू पिऊन घेईल, ह्यो बिचारा झोपू दे." तू आठ वाजता उठलास आणि लाजून इकडेतिकडे बघायला लागलास. त्या दिवशी मी देवापुढे किती वेळ डोकं टेकून होतो ते तुला सांगितलं नाही.

ते सुख खरं होतं, जयराज. आज मी काहीही म्हटलं तरी ते खोटं होत नाही. भ्रामरीने तुझी छाती मोकळी झाली, तू जेवायला लागलास, माझ्या उसाला पाणी पाजायला येऊ लागलास. पण गोळ्या चालू होत्या म्हणून श्वास कामी येत होता, आणि श्वास होता म्हणून गोळ्यांना बळ होतं. दोन बैलांनी ओढलेली गाडी मी एकाच बैलाच्या नावावर लावली. तो बैल माझा होता म्हणून.

आणि मग तो समारोप. तुला ठाऊक आहे, माझ्या आईने काशीला जाऊन वांगं सोडलं. मरेपर्यंत तोंडात घातलं नाही. वांग्याची भाजी तिला जिवापाड आवडायची. ते सोडणं मला फार मोठं वाटायचं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी वर्गात तशी रीत पाडली. चाळीस दिवस झाले की शेवटच्या सकाळी मंडपात परडी ठेवायची आणि ज्याला जे औषध लागेनासं झालं असेल ते त्याने देवापुढे सोडायचं. कुणी पित्ताची पावडर टाकायचं, कुणी झंडू-बिंडू. राहीबाईने गुडघ्याचा मलम टाकला होता. टाळ्या व्हायच्या. मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

माघी पौर्णिमेला तू उठलास. इस्त्रीचा शर्ट घातला होतास. परडीजवळ जाऊन टाचा जुळवल्यास, दोन्ही पाकिटं ठेवलीस आणि मोठ्याने म्हणालास, "आजपासनं सोडल्या." सगळ्यात जास्त वेळ टाळ्या मी वाजवल्या. इथेच मला थांबायचं आहे. तुझ्या फाइलमधला कागद मी वाचला होता. आमच्याकडे तू आलास त्याच आठवड्यात वाचला होता. विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही, असं त्यावर ठळक लिहिलं होतं. पित्ताची पावडर वेगळी आणि या गोळ्या वेगळ्या, एवढं मला कळत होतं. तरी मी तुझा हात धरला नाही. तुझा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, मसूरहून तीन माणसं नव्याने वर्गाला आली, आणि मी आठवडाभर तरंगत होतो.

पुढे तू घरी गेलास. पंधरा दिवसांनी तुझा फोन आला, "नाऱ्या, झोप मोडाय लागलीया." मी काय म्हणालो? मी म्हणालो, भ्रामरी वाढव, तू मन लावून करत नाहीस. आणखी आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तेच. तू तासतासभर बागेत बसून श्वास ओढत होतास आणि इकडे मी तुलाच दोष देत होतो. नंतर तुझे फोन थांबले. मला वाटलं, बरं वाटलं असेल. मग एके सकाळी वहिनींना तू विट्याच्या स्टँडवर सापडलास. मांडीवर बॅग, पायात बूट, आणि जो येईल त्याला सांगत होतास की युनिटनं बोलावलंय, गाडी यायची आहे.

गावात काय बोलतात तेही सांगतो. त्याने माझं डोकं आणखी फिरलं आहे. "श्रद्धा कमी पडली त्याची." "फौजी मानूस, पथ्य पाळलं नसंल." पारावर बसून ही पोपटपंची चालते आणि माझ्याकडे बघून माना डोलावतात, जणू माझी बाजू घेतात. मला ओरडावंसं वाटतं. ज्याने पाढ्यासाठी अख्खा दिवस काढला त्याची श्रद्धा कमी? पण ओरडलो नाही. कारण हे वाक्य गावात पहिल्यांदा मीच बोललो होतो, फोनवर, तुझ्याशी.

सांगलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी केरबा गुरवाकडे गेलो. म्हणालो, "कौल लाव. जयराजचा शब्द देव परत देतो का, विचार." केरबा दिव्याच्या वाती वळत होता. त्याने वर बघितलं नाही. "ठिवून घेताना कौल लावलावता का?" मी म्हणालो, नाही. "मग आता कशापायी? परडी कुटं व्हती तुमची?" मंडपात, मी म्हणालो. "मंडपातच. मी गाभाऱ्याचा उंबरा वलांडू दिला न्हवता. आवशिदं मी आत घेत न्हाई, माझा बा बी घेत न्हवता. आन् गुरुजी, नारळ दिला तर त्यातली अर्दी वाटी देव परत देतोय. ह्या गोळ्या अख्ख्या ठिवून घ्यायला त्याला काय झोप येईना झालीया?" मग हात पुसत म्हणाला, "त्यो शबुद देवाकडं पोचलाच न्हाई. मधीच तुमी झेलला."

मी तिथेच पायरीवर बसलो. मला चपराक बसली, तशी वाटही दिसली. तू म्हणालास, तुला दिल्या नव्हत्या, देवाला दिल्यात. जयराज, परडी मी ठेवली, रीत मी पाडली, टाळ्या मी वाजवल्या. उंबऱ्याच्या आत काहीच गेलं नाही. तुझा शब्द माझ्यापाशी अडकून पडला आहे. म्हणून तो परत द्यायचा अधिकार माझा आहे. हे मी सोयीसाठी बोलत नाही. केरबाला विचारून घे, तो कुणाची भीड धरत नाही.

पण एवढंच लिहून पाठवलं असतं तर ते पुन्हा अर्धंच झालं असतं. तुझ्यापासून, वर्गापासून एक गोष्ट मी चार वर्षं लपवली आहे. मला रक्तदाब आहे. कराडच्या डॉक्टरांची गोळी मी रोज पहाटे घेतो. घरात नाही, गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला, कारण वर्गातलं कुणी हाक मारायला आलं आणि दिसलं तर? आमची मंडळी परवा म्हणाली, "म्हसरानं बघितलेलं चालतंय, मानसानं न्हाई. भारी योगी!" मी दोनदा ती सोडून बघितली. दोन्ही वेळा डोकं गरगरलं आणि मी गुपचूप परत चालू केली. म्हणजे तू टाचा जुळवून पाकिटं ठेवलीस तेव्हा समोर टाळ्या वाजवणारा माणूस पहाटेच आपली गोळी घेऊन आला होता. परडीत मी काय टाकलं होतं सांगू? सर्दीचा बाम. रिकामी डबी.

हे तुला तोंडावर सांगायला मंगळवारी आलो होतो. जमलं नाही. नुसतं तुला सांगून भागणारही नव्हतं. मंडपात चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांतच परत करायला हवा होता. त्यानंतर पाच सकाळी मी ठरवून गेलो आणि पाचही सकाळी ओंकार म्हणून, आसनं करून घरी आलो. तोंड उघडलं नाही. इतका भित्रा माणूस श्वासावर ताबा कसा ठेवायचा ते शिकवतो, याचं माझं मलाच हसू येत होतं, आणि चीडही.

आज सकाळी गोठ्यात गेलो नाही. पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं, तांब्या घेतला आणि मंडपात सगळे बसल्यावर ओंकाराच्या आधी उभा राहिलो. तुझ्याबद्दल सांगितलं, तो कागद वाचला होता हेही सांगितलं, आणि म्हणालो, जयराजचा शब्द मी घेतला होता, तो मी सगळ्यांदेखत परत करतोय. यापुढे इथे परडी ठेवली जाणार नाही. ज्याने जे सोडलं असेल त्याने डॉक्टरांना विचारावं, मला नाही. मसूरचा एक जण सतरंजी गुंडाळून निघून गेला. राहीबाई म्हणाली, "मग माझा मलम तेवढा परत द्या की वं गुरुजी! दोन म्हैनं गुडघा ठनकतोय, लाजंनं बोलली न्हाई." कुणी हसलं नाही. आणखी दोघांनी हळूच हात वर केले.

हे पत्र मी वहिनींच्या हाती देणार आहे. तू तोंड वळवलंस तरी कान वळवता येत नाहीत. त्या तुला वाचून दाखवतील. बरा झाल्यावर तू मला काय हव्या त्या शिव्या दे, वर्गाला ये किंवा कधीच येऊ नकोस. माझ्या बाजूने जे करायचं होतं ते करून मगच मी लिहायला बसलो आहे. आज सहा वाजता, भैरवनाथाच्या मंडपात, एकेचाळीस माणसांच्या समोर मी माझी गोळी घेतली. आता तू तुझी घे.

तुझाच,
नाऱ्या