अर्धा दीर थडग्यात

क्वॉयहिल, ऑर्कनी
१२ एप्रिल

तीर्थस्वरूप मेरन वहिनींना होकनचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? गाय व्यायली का? (माझी व्यायली, खोंड झाला.) मी खुशाल आहे, आणि ते कुणामुळे, हे सांगायलाच कागद घेतला.

आपल्या बांधावरचं दगडी थडगं पाच हजार वर्षांचं, आणि त्याच्या दाराच्या चावीवरून दादाचा नि माझा अबोला अकरा वर्षांचा. बाबांनी जाताना चावी मला दिली, कारण आतल्या बोळातून सरपटायला मी काटकुळा आणि दादा ढब्बू. हे मी गावभर सांगितलं, चर्चच्या चहालासुद्धा. (हो, कळतंय आता.) तर मंगळवारी, थडगं बघायला पाहुणे यायच्या आधी आत झाडून घ्यावं म्हणून चाकांच्या फळीवर पालथा पडलो, दोर ओढत निघालो आणि मधोमध घट्ट बसलो. ना पुढे, ना मागे. वहिनी, अकरा वर्षं तुम्ही दादाच्या नकळत भिंतीवरून ज्या सातूच्या भाकऱ्या नि लोणी धाडता, ते सगळं तिथे मला भेटलं.

दोन तास ओरडलो. म्हटलं, मेलोच, बरं, पुरायलाही कुठे न्यायला नको! शेवटी तुमचा मॉस भुंकला आणि पाठोपाठ दादाची पावलं वाजली. आता दादा माझ्याशी कसा बोलणार? तो कुत्र्याला म्हणाला, "मॉस, विचार त्याला, जिवंत आहे का." मी आतून ओरडलो, "मॉस, सांग त्याला, अजून आहे!" "सांग त्याला, पोट आत घे." "मॉस, सांग, घेतलंय, एवढंच जातं!" मग दादा स्वतः आडवा झाला, माझे घोटे धरले आणि इंच इंच ओढत मला बाहेर काढलं. माझ्या कोटावरची माती झटकली, मॉसला "चल घरी" म्हणाला आणि गेला. मी आभार मानले ते कुत्र्याचे! दादा नसता तर मी आज नसतो, एवढं म्हणायचं होतं, पण जीभच उचलेना. फार लाज वाटते.

म्हणून हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा. भाकऱ्यांचं वाक्य तेवढं गाळा.

तुमचा दीर,
होकन

ता. क. भाकऱ्या बंद करू नका. लोणी कमी चालेल.

आणखी ता. क. हे मात्र गाळू नका. बाबा "चावी दोघांनी मिळून सांभाळा" म्हणाले होते. तेव्हा खोलीत त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. काटकुळा-ढब्बू सगळं मीच रचलेलं. चावी याच पाकिटात आहे, दादाला द्या. शिव्या देईल. इथे येऊन तोंडावर दे म्हणावं, मी घरीच आहे.