संध्याकाळची भाजी

बाई,

शाळेत सगळ्या मुली तुम्हाला बहनजी म्हणायच्या, मीही म्हणायचे. शाळेच्या फाटकाबाहेर आलं की मात्र तुम्ही माझ्यासाठी बाई व्हायचात, कारण अख्ख्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. तुम्ही अमरावतीकडून नोकरीसाठी झाँशीत आलेल्या, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी. म्हणून आजही बाईच लिहिते.

आज सकाळी छावनीतल्या एका जुन्या बंगलीत मी न्हाणीच्या भिंतीला धरायचा दांडा बसवून घेत होते. मिस्त्री भोकं पाडत होता, आणि त्या घरच्या आजी दाराशी खुर्ची टाकून आमच्यावर नजर ठेवून होत्या. दांडा किती उंचीवर हवा हे मी ठरवलं नाही, त्यांनाच उभं करून हात जिथे आपोआप जातो तिथे खडूची खूण केली. त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, "बेटा, ये सब कहाँ सीखा?" मी म्हटलं, "स्कूल में." त्या हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. घरी आले, चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत मी मनानं शाळेतल्या गृहविज्ञानाच्या त्या लांबट खोलीतच उभी होते.

त्या खोलीला एका बाजूला तीन ओटे होते, दुसऱ्या बाजूला एक लोखंडी खाट. त्या दिवशी आजारी माणसाच्या शुश्रूषेचं प्रॅक्टिकल आहे. वर्गातली एक मुलगी रोगी होऊन खाटेवर पडली आहे, मी चादरीचे कोपरे चापूनचोपून दुमडलेत, तिच्या पाठीशी उशी लावली आहे आणि मोठ्या मायेनं तिला दलिया भरवतेय. मला खात्री आहे की तुम्ही आता सगळ्यांसमोर कौतुक करणार. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता. "इसके हाथ को क्या हुआ है?" मी म्हणते, "कुछ नहीं, बहनजी. बुखार है." "तो चम्मच तुम्हारे हाथ में क्यों है?" सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. तुम्ही हसला नाहीत. चमचा माझ्या हातून घेऊन त्या मुलीच्या हातात दिलात आणि म्हणालात, "पहले पूछो कि वो खुद क्या कर सकती है. बाकी जो बचे, वो तुम्हारा काम." शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर तुम्ही मला गाठलंत. "रागावलीस?" मी नाही म्हटलं. रागावले होते, दोन दिवस तुमच्याशी नीट बोलले नव्हते, हे तुम्हाला कळलं असणारच.

पुढे माझं लग्न झालं, सासर सीपरी बाजारात, म्हणजे गावातल्या गावातच. मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला बाहेर गेली. तुम्ही निवृत्त झालात आणि त्याच दोन खोल्यांच्या, मागे छोटं अंगण असलेल्या घरात एकट्या राहू लागलात. मी सणावाराला यायचे, पुरणपोळ्या घेऊन. मग एका उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना तुमचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. पुण्याहून तुमचा भाचा धावत आला. भला मुलगा. तुमच्या प्लॅस्टरच्या हाताकडे बघून त्याचे डोळे भरून आले होते. "आत्या, पुरे झालं. माझ्याकडे चल. तुझ्यासाठी वेगळी खोली आहे." तुम्ही त्याला म्हणालात, "दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीला ये, चार दिवस राहा, स्वतः बघ. तुला वाटलं मला जमत नाही, तर मी मुकाट्यानं तुझ्याबरोबर येईन." त्यानं ते मान्य केलं. मला वाटतं, त्याला खात्री होती.

तो गेला, पुढे प्लॅस्टर निघालं आणि तुम्ही मला बोलावून घेतलंत. मी पदर खोचूनच आले होते. स्वयंपाकघरात शिरून डबे पुसायला घेणार, इतक्यात तुम्ही म्हणालात, "इकडे ये. आधी एक ऐक. मला मदत हवी आहे. मालकीण नको." मी डबा खाली ठेवला. मग तुम्ही मला अंगणातल्या खुर्चीवर बसवलंत. "मी दिवसभर काय काय करते ते आता करून दाखवते. तू बघ. मध्ये हात घालू नकोस."

बाई, तो एक तास मी जन्मात विसरणार नाही. दाराची कडी वर होती, ती काढायला तुम्ही टाचा उंचावून, एका हातानं भिंत धरून उभ्या राहिलात. न्हाणीच्या उंबऱ्यावरून पाय टाकताना क्षणभर थांबलात, जणू नदीत उतरायचंय. पिठाचा डबा सगळ्यात खाली, त्यासाठी वाकलात आणि उठताना ओट्याची कड धरलीत. नळाखालची भरलेली बादली उचलायला गेलात आणि सोडून दिलीत. मला बसवत नव्हतं. दोनदा मी उठले आणि दोनदा तुम्ही फक्त बोट दाखवून मला खाली बसवलंत. शेवटी घामाघूम होऊन समोर बसलात आणि विचारलंत, "काय दिसलं?" मी सांगत गेले. तुम्ही मान डोलावत होतात, अगदी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत डोलवायचात तशी.

मग आपण कामाला लागलो. पीठ आणि तांदूळ कमरेच्या उंचीवर आले. नळाला रबरी पाइप लागला, तो थेट कूलरपर्यंत. न्हाणीतली गुळगुळीत फरशी निघून खरखरीत दगड बसला, भिंतीला धरायचा दांडा लागला. ओट्यापाशी एक उंच स्टूल आलं, बसून पोळ्या लाटता येतील असं. सुतार कडी खाली लावायला तयार होईना. "इतनी नीचे कुंडी कौन लगवाता है, बहनजी? बच्चे खोल लेंगे." तुम्ही म्हणालात, "इस घर में बच्ची मैं ही हूँ भैया, और मुझे ही खोलनी है." तो हसला आणि कडी खाली आली. त्याच सुमारास माझ्या वाढदिवसाला तुम्ही मला स्क्रू पिळायचा पेचकस दिलात, लाकडी मुठीचा, कागदात नीट गुंडाळून. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला असलं कोणी भेट देतं का? मी तो मुलीच्या फोटोशेजारी ठेवला होता.

झाडू-पोछा आणि भांड्यांसाठी एक बाई ठेवली. टहरौलीकडची, तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. पहिल्याच दिवशी तिनं तुमच्या हातातून लाटणं काढून घेतलं. "बहनजी, तुम तो बैठी रओ, हम कर दैहें." तुम्ही लाटणं परत घेतलंत. "बैठी रहूँगी तो बैठी ही रह जाऊँगी." आठवडाभर तुमची या एका गोष्टीवरून रोज खडाजंगी. मग तिनंच हार मानली आणि जे तुम्ही सांगाल तेवढंच करू लागली.

पाऊस सरला. हात बरा झाला. घराची घडी अशी बसली होती की मला वाटायचं, दिवाळी उद्या आली तरी चालेल. आणि एका दुपारी मी आले तर तुमची ट्रंक पलंगावर उघडी. साड्यांच्या घड्या आत. मी विचारलं, हे काय? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी जाते पुण्याला."

मला आधी राग आला. एवढं सगळं केलं ते कशाला? पण तुमचा चेहरा बघून ट्रंकेशेजारी बसले. साडीची घडी घालत तुम्ही म्हणालात, "काम सगळं जमतं गं. सकाळी ती येते, तिचं आवरून जाते. दुपार वाचण्यात जाते. पण दिवे लागायच्या वेळेला हे घर इतकं गप्प होतं की मी रेडिओ लावते आणि ऐकत नाही. काल सगळा वेळ मी नुसती दाराकडे बघत बसले होते. न्हाणीत तू दांडा लावलास. याला कुठे दांडा लावशील?"

मी म्हटलं, मी रोज संध्याकाळी येईन. तुम्ही मान हलवलीत. "तुझ्या घरी संध्याकाळी माणसं परततात. तू चार दिवस येशील, मग ओढाताण होईल, मग तू चिडशील. आणि मला तुझं चिडणं सोसायचं नाही." साड्यांच्या घड्या तशाच ठेवून मी घरी आले आणि त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर आले. कामाची बाई भांडी घासत होती, तुम्ही स्टुलावर. तुम्ही सहज विचारल्यासारखं तिला विचारलंत, "सुबह की जगह शाम को आओगी?" ती म्हणाली, "काए बहनजी, संजा खों हमें अपने घर की रोटी-तरकारी करने परत." मला वाटलं, झालं, संपलं. तुम्ही म्हणालात, "तो तरकारी यहीं ले आओ. यहीं काट लेना." ती हात थांबवून बघत राहिली. "काए, तुम काटहौ हमाई तरकारी?" "क्यों नहीं काटूँगी? मुलींना तीस वर्षं तेच शिकवलंय," हे शेवटचं तुम्ही मराठीतच म्हणालात. तिला ते कसं कळलं कोण जाणे, पण ती खोखो हसली आणि म्हणाली, "हओ. आज सें."

ट्रंक केव्हा बंद झाली मला माहीत नाही. नंतर ती पलंगावर दिसली नाही.

मग सुरू झाल्या त्या संध्याकाळी. अंगणात दोन पराती, एक तुमची, एक तिची. तुम्ही खुर्चीवर, मांडीवर पाट आणि हातात सुरी, ती खाली पायात विळीसारखा हंसिया धरून. तिची लौकी तुम्ही सोलताय, तुमची मेथी ती निवडतेय. भटा, म्हणजे आपलं वांगं, किती मोठं चिरावं यावरून वाद. तिची नणंद, तिची कोंबडी, तुमच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिका, कशाचीच बंदी नाही. एकदा मी दारातून आत आले आणि तुम्हा दोघींपैकी कुणालाही कळलं नाही. मी तशीच उभी राहिले. उजेड कमी होत होता, समोरच्या घरातून फोडणीचा वास येत होता आणि तुम्ही तिला काहीतरी सांगत इतक्या हसत होतात की डोळे पदरानं पुसावे लागले. मला थोडा हेवा वाटला. आणि फार बरं वाटलं.

दिवाळीला भाचा आला. दारावर टकटक केली, तुम्ही उघडलंत, आणि आत आल्यावर कडी लावायला त्याचा हात सवयीनं वर गेला. तिथे नुसती जुन्या खिळ्यांची भोकं. तो खाली वाकून कडी शोधत होता आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं उभ्या. चार दिवस त्यानं सगळं पाहिलं. नळ सोडून बघितला, न्हाणीतल्या दांड्याला लोंबकळून बघितलं. तुम्ही स्टुलावर बसून केलेल्या चकल्या खाल्ल्या. पण मला वाटतं त्याचा निर्णय अंगणात झाला. दुसऱ्या संध्याकाळी तो बाहेर आला, तर ती बाई सणामुळे घाईत होती. तिनं त्याच्याकडे न बघता मटारच्या शेंगांची परात त्याच्यापुढे सरकवली. तो बसला. सोलू लागला.

जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, मी परतीची दोन तिकिटं काढून आलो होतो." मग बॅग उचलत म्हणाला, "माझ्याकडे तिला वेगळी खोली आहे. पण संध्याकाळी आम्ही नवरा-बायको दोघंही आठाच्या आत घरी नसतो. हे मी धरलंच नव्हतं." तुम्हाला त्यानं एकच अट घातली, की रोज संध्याकाळी तो फोन करणार. तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी नको रे, भाजीची वेळ असते. दुपारी कर."

पुढची वर्षं तुम्ही त्याच घरात काढलीत. थकलात तशी मदत वाढत गेली, आधी अंघोळीला, मग स्वयंपाकाला. पण प्रत्येक वेळी काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे तुम्ही ठरवलंत. सगळ्यात शेवटपर्यंत चहा ठेवलात, स्वतःच्या हातचा. आणि एका थंडीत, सकाळी, आपल्या पलंगावर, शाल पांघरलेली असताना गेलात. ती बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मला म्हणाली, "अब संजा खों हम कितै जैहें?"

तेव्हापासून मला हे काम लागलं. आधी ओळखीतलं एक घर, मग त्यांच्या ओळखीतलं. मुलं बंगळुरूहून, पुण्याहून फोन करतात, आंटी, घर में क्या-क्या लगवाना पड़ेगा? मी सगळं सांगते, दांडा, स्टूल, कडी. आणि मग विचारते, शाम को कौन आता है? पुष्कळदा पलीकडे शांतता असते. तेवढं काम बाकी आहे असं मी समजते.

हे पाठवणार कुठे? त्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे, कडी पुन्हा वर गेली असेल. लिहायला बसले ते बहुधा माझ्यासाठीच. आमच्या घरात आता मराठी बोलणारी मी एकटी. मुलीला समजतं, उत्तर ती हिंदीतच देते. मला भीती होती की एवढं सलग मराठी येईल की नाही. आलं. एक मात्र सांगून टाकते, बाई. मी तुमच्यासमोर बोलताना मध्येच हिंदी शब्द घालायचे आणि तुम्ही हातातलं काम थांबवून मला मराठी शब्द सांगायचात. मग त्याच्यावरून दुसरी गोष्ट निघायची, आणि मला घरी निघायला उशीर व्हायचा. त्यातले बरेच शब्द मला येत होते.