यंदा पावात बाळ नव्हतं

७ जानेवारी

गेले सगळे! लेकीची, नोएमीची गाडी कोपऱ्यावर वळली आणि घर खायला उठलं. काल ह्याच टेबलाभोवती खुर्च्या पुरत नव्हत्या, शेजाऱ्यांचं बाकडं मागून आणलं होतं. आज मी आणि नवरा, एलादिओ. आणि मोरीत भांड्यांचा ढीग.

त्यात एक चुटपुट — तीन राजांच्या सणाच्या पावात घालतात ते नखाएवढं बाहुलं, ते बाळच निघालं नाही! शेवटचा तुकडासुद्धा कुस्करून बघितला. आता २ फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाले सगळ्यांना कोण खाऊ घालणार? ज्याच्या तुकड्यात बाळ त्याच्याकडे तमाले, हे माझ्या आजीच्याही आधीपासूनचं. जावई म्हणाला, "बरं झालं, सगळेच सुटलो!" हसले सगळे. मला मेलं हसू येईना. एलादिओला पाव खाताना ठसका लागलेला, पाठ चोळण्यातच माझा अर्धा जीव गेला होता.

८ जानेवारी

ओबदुलियाच्या बेकरीत जाऊन कडाकडा भांडले.

"एर्लिंदाबाई, ह्या हातांनी बाळ घातलंय मी!"

"मग काय, पाय फुटले त्याला?"

"तुमच्याच घरात कुणी गिळलं असेल. मला कशाला विचारता?"

तणतणत घरी आले. पाव घ्यायचा राहिलाच.

१० जानेवारी

नोएमी जाताना जे बोलली ते लिहायचं टाळत होते. म्हणाली, "कांदेलारियाला मी मोठी गाडी घेऊन येते. तुम्ही दोघं मॉन्तेर्रेला माझ्याकडे चला. घर विकून टाकू." मी म्हटलं, "बाबांना विचार की." तर त्याच्या तोंडावर म्हणते — "आई, बाबांना आता काही कळत नाही गं. त्यांना इथं काय न् तिथं काय."

हा खिडकीतून पेरूच्या झाडाकडे बघत होता.

उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कितपत समजतं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी तरी कशाच्या जोरावर नाही म्हणू? पोरगी काळजीनंच बोलते.

१४ जानेवारी

बारीक पाऊस. कपडे वाळत नाहीत. कुणाचा फोन नाही.

१७ जानेवारी

सणाच्या दिव्यांच्या माळा उतरवल्या. उतरवता उतरवता एलादिओची खोडी आठवली आणि शिडीवरच हसत सुटले. दरवर्षी बाळ ह्यालाच निघायचं, आणि हा लबाड जिभेखाली लपवून साळसूदपणे बसायचा! मग आठवडे गेले की भलत्याच ठिकाणी सापडायचं. एकदा साखरेच्या डब्यात. एकदा माझ्या बुटात — चर्चमध्ये, सगळे गुडघे टेकून गप्प असताना टोचलं आणि मी केवढ्यानं किंचाळले! पाद्री थांबला. हा मान खाली घालून प्रार्थना करतोय, खांदे मात्र गदगदा हलताहेत. घरी येऊन चार दिवस बोलले नव्हते त्याच्याशी. चार दिवस! आता त्यानं एक शब्द बोलावा म्हणून जीव टाकते, आणि तेव्हा हातचे चार दिवस फुकट घालवले.

२१ जानेवारी

आज छान गेला दिवस. काही झालं नाही, तरीही.

सणाच्या गडबडीत आमची दुपारची कॉफी बंद पडली होती, ती परत सुरू झालीय. चार वाजता दोन कप, खिडकीपाशी दोन खुर्च्या. डाव्या हातानं तो स्वतःचा कप धरतो. सांडतो थोडी. गॅसवाला ओरडत गेला की पायानं ठेका धरतो. समोरची कोंबडी आमच्या अंगणात आली की तिच्याकडे असा बघतो — पूर्वी शिव्या घालायचा तस्साच! सगळे असताना हे दिसत नव्हतं. तेव्हा सगळे त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं.

देवा, हेही तूच दिलंस. मी उगाच सणासाठी रडत बसले.

२५ जानेवारी

स्वेटर धुवायला देईल तर शपथ! राजांच्या दिवसापासून अंगात तोच. ओढला तर डोळे वटारतो. डावा हात सारखा खिशात. थंडी वाजत असेल.

२९ जानेवारी

नोएमीचा फोन. "आई, ठरलं ना?" मी हो म्हटलं. माझाही जोर संपलाय, रोज त्याला उचलून बसवायचं म्हणजे कंबर मोडते. फोन ठेवला आणि त्याच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, "एलादिओ, आपण जायचंय." त्यानं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

कळलं का त्याला? की कोंबडी आली होती?

पेरूखाली जाऊन मनसोक्त रडले. मग चार वाजले, कॉफी केली.

१ फेब्रुवारी

उद्या नोएमी येणार. बोचकी बांधून दाराशी ठेवली. चारची कॉफी ओतली, तेवढ्यात गॅसवाला आला म्हणून फाटकापर्यंत गेले. परत येऊन कप उचलला. शेवटच्या घोटाला दाताला टक्कन लागलं.

बाळ!

एलादिओ खिडकीबाहेर बघतोय. साळसूद! खांदे मात्र गदगदा हलताहेत.

नोएमीला फोन लावला. नीट बोलताच येईना, हसू न् रडू एकदमच. म्हटलं, "ये, पण आम्हाला न्यायला नको, जेवायला ये. तमाले इथंच, ह्याच घरात. बाळ तुझ्या बाबांना निघालंय."

आता ओबदुलियाची माफी मागून येते, येताना केळीची पानं आणते. आणि स्वेटर? त्यानं आपणहून हात वर केला — काढ म्हणून.