अकोल्यात नऊच होते

बाबा,

मोठी वस्ती सोडून आडगावी एकट्यादुकट्या घरांनी राहिलेल्या आपल्यासारख्या सगळ्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, एक तक्रार आहे, आणि ती मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकली. आपली सगळी पुस्तकं दहा माणसं हजर आहेत असं धरून लिहिलेली. दहा प्रौढ पुरुष जमले की ही प्रार्थना म्हणा, दहा जमले की ती म्हणा. अकोल्यात कधी जमले दहा? स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून शुक्रवारी घाईघाईने घरी यायचं, हातपाय धुवायचे, आईने दिवा लावायच्या आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मला घेऊन बसायचं आणि पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची, हा माझ्या लहानपणचा तुमचा क्रम. मध्येच पुस्तक मिटून तुम्ही म्हणता, "मुंबईत बसून लिहिणाऱ्यांचं काय जातं? खिडकीतून हाक मारली की वीस येतात. इथं हाक मारली तर पाटलाचा बैल येतो." आई पोळी लाटता लाटता हसते. "मग बैलाला शिकवा," म्हणते, "पोरीला सोडा, तिला उद्या परीक्षा आहे."

त्या तक्रारीवर आता इलाज चालू आहे. आम्ही काहीजण मिळून इंटरनेटवर एक ग्रंथालय उभं करतोय. इमारत नाही, कपाटं नाहीत. जगात कुठेही बसलेल्या शिक्षकाने उघडावं आणि आपल्या मुलांसाठी धडा काढून घ्यावा, असं. मराठीत, हिब्रूत, इंग्रजीत. जुन्या मराठी कीर्तनांची ध्वनिमुद्रणं आहेत. आपला नवसाचा मलिदा कोकणात कसा करत आणि बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात कसा, हे दोन्ही आहे. प्रार्थनेसाठी बायकांना दहात मोजू नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत आहे, मोजावं म्हणणाऱ्यांचंही आहे, एकाच पानावर, शेजारी शेजारी. बरोबर कोण, हे ग्रंथालय सांगणार नाही. शिक्षकाने दोन्ही वर्गात मांडावं आणि मुलांना भांडू द्यावं. या एका नियमासाठी मी वर्षभर भांडले. एका गटाला वाटत होतं आपण धर्म बुडवतोय, दुसऱ्याला वाटत होतं आपण मागासांना डोक्यावर घेतोय. मी दोघांनाही सुनावलं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. दर्यापूरच्या सभेत माईक बंद पडला तरी मी थांबत नाही. आणि दुसरा नियमही मीच लिहिला: जे घडलं तेच नोंदवायचं, घडायला हवं होतं ते नाही. प्रत्येक नोंदीखाली गाव, काळ आणि सांगणारा.

त्या नियमाने तीन दिवस माझी झोप आणि जेवण दोन्ही घालवलं आहे. अमरावतीच्या या घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरते, कुलर चालू करते, बंद करते, फोन उचलते, ठेवते.

झालं असं. सभांमध्ये मी एक गोष्ट सांगते, निदान वीस वर्षं सांगत आले आहे. माझी आई अकोल्यात वारली, दफनाला नऊच पुरुष होते, दहा असल्याशिवाय कद्दिश, मृतासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "माझी मुलगी दहावी." इथे मी क्षणभर थांबते. टाळ्या पडतात. पडल्या नाहीत असं एकदाही झालेलं नाही. ग्रंथालयाची संपादिका परदेशात वाढलेली, मराठी आजीकडून शिकलेली. तिने ही गोष्ट मोबाईलवर पाहिली आणि व्हिडिओ कॉलवर माझ्या मागेच लागली. "मावशी, आमच्या मुली विचारतात, भारतात असं कधी झालेलं का? आता मी सांगणार, झालेलं. अकोल्याला. रेल्वेतल्या एका साध्या माणसाने केलेलं." तिने त्याचा धडा केलाही. पुढच्या आठवड्यात तो सगळ्यांना दिसू लागेल. एका बारा वर्षांच्या मुलीने त्यावर आपलं भाषण लिहिलंय, ते ती आपल्या वयात आल्याच्या धार्मिक सोहळ्यात सगळ्या नातेवाइकांसमोर वाचणार आहे. "तुमच्या बाबांचं नाव घेणारे ती," संपादिका म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग सोमवारी ठाण्याहून आतेभावाचा फोन. त्या नऊ जणांतला आता तो एकटाच उरलाय. ऐंशी उलटली, ऐकायला कमी येतं, म्हणून फोनवर ओरडतो. "तुझं भाषण नातवाने दाखवलं गं. झकास बोलतेस. पण मी होतो ना तिथे! मामा असं काही बोलल्याचं मला आठवत नाही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग म्हणाला, "जाऊ दे. लोकांना बरं वाटतंय ना? मी काही कुणाला सांगत नाही. माझे किती दिवस राहिलेत." मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार ऐकवल्या असत्या. त्याने मला सूट दिली, बाबा. वीस वर्षं मी व्यासपीठावरून लोकांना सांगते की खोट्याला सूट देऊ नका.

तुम्ही असता तर सूट दिली नसती. कॉलेजात मी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेऊन थेट पार्सल ऑफिसात आले होते, आठवतं? संत्र्यांच्या पेट्यांमध्ये तुम्ही उभे, एक पेटी काट्यावर. मी भाषण तिथेच म्हणून दाखवलं. हमाल काम सोडून ऐकत राहिले, टाळ्याही वाजवल्या. तुम्ही पेटीचा आकडा लिहून घेतलात आणि विचारलंत, "तो शेतमजुराचा किस्सा कुठला?" मी म्हटलं, असाच, मनाने घातला. "मग बक्षीस परत कर." सगळ्यांसमोर. "लेबलावर चाळीस किलो लिहिलंय म्हणून मी चाळीस धरत नाही. काट्यावर ठेवतो. तूही ठेवत जा." मी परत केलं नाही. आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

म्हणून आता काट्यावर ठेवते. शुक्रवार होता. उन्हाळा. मुंबईची मंडळी ज्या गाडीत होती ती भुसावळच्या अलीकडे अडकली होती, आणि सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी, नाहीतर शब्बाथ, आपला विश्रामाचा दिवस, लागणार आणि त्यात दफन करता येत नाही. ख्रिस्ती दफनभूमीच्या टोकाला आपल्याला दिलेला कोपरा. बडनेऱ्याचे तिघे, मूर्तिजापूरचे दोघे, आदल्या दिवशी पोचलेले दोन आतेभाऊ, भुसावळचे एक काका आणि तुम्ही. शेजारचे चाचा, गाद्या पिंजणारे, रात्रीपासून तुमच्याबरोबर होते. खड्डाही त्यांनीच माणसं लावून खणून घेतलेला. तुम्ही मोजलंत. पुन्हा मोजलंत. चाचांनी विचारलं काय झालं, कुणीतरी सांगितलं.

"दहावा मानूस पाह्यजे? मंग मी हाय ना उभा," चाचा म्हणाले. "मोजा मले."

"तसं नाही चालत हो, चाचा," तुम्ही म्हणालात.

"काहून नाई चालत? तुमी बी तुमच्या देवळाले मशीदच म्हनता. देव काय दोन हायेत?"

एवढ्या दुःखातही तुमच्या तोंडावर काहीतरी हललं. तुम्ही चाचांचा हात धरलात आणि मान हलवलीत. तेव्हा चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे हात केला. "मंग हे पोरगी? तुमच्याच जातीची हाय. मोठी झाली. अमरावतीले कॉलेजात भाषनं देऊन राह्यली, कप आनून राह्यली. मायले माती देऊन राह्यले तिच्या. इले मोजा!"

 मूर्तिजापूरच्या दोघांतल्या थोरल्या काकांनी घसा खाकरला. तुम्ही पुस्तक मिटलंत, कद्दिश राहिला, आणि तुम्ही मराठीतून एक स्तोत्र म्हटलंत, ज्याला दहा लागत नाहीत. पुढच्या महिन्यात रेल्वेचा पास काढून मुंबईला गेलात, तिथे दहांमध्ये उभे राहून कद्दिश म्हटलात, आणि त्याबद्दल घरी आयुष्यभर एक शब्द काढला नाहीत.

तर चाचांचं वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं. मुसलमान शेजाऱ्याने सुचवलं म्हटलं की सभेत दोनचार चेहरे आक्रसतात, आणि बापाने म्हटलं की टाळ्या पडतात. चाचांच्या दुकानावर आता त्यांचा नातू बसतो. मी अकोल्याला गेले की तो चहा पाजतो, आणि त्याच्या आजोबांचं वाक्य मी वीस वर्षं तुमच्या नावाने सांगत फिरते.

पण एवढंच असतं तर मी तीन दिवस येरझाऱ्या घातल्या नसत्या. "बाबांनी मला मोजलं नाही" एवढं लिहून मी सुटले असते. त्यावरही टाळ्या मिळाल्या असत्या, कदाचित जास्त. खरं या दोन्हींच्या मध्ये आहे. चाचांचं बोलणं आणि पुस्तक मिटणं यांच्यामध्ये तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. झटकन नाही. पाहत राहिलात. तुम्ही मला विचारत होतात की नकार देत होतात, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. जिल्ह्याच्या व्यासपीठावर कुणाला न भिणारी मी, मूर्तिजापूरच्या काकांच्या खाकरण्याला भ्याले. खाली पाहिलं. एक पाऊल मागे सरले, बायका उभ्या होत्या तिकडे. मी मागे गेल्यावर तुम्ही पुस्तक मिटलंत. आधी नाही.

पुढे तुम्ही एकोणीस वर्षं जगलात आणि मी एकदाही विचारलं नाही.

हे तुम्हाला लिहिलेलं कुठे जाणार नाही. टेबलाच्या खणात राहील. संपादिकेला मात्र एवढंच पाठवते आहे, आणि त्या मुलीचं भाषण मोडणार हे ठाऊक असून पाठवते आहे: अकोल्याचा धडा आजच काढून टाक, आणि त्या जागी लिही की तिथे नऊ पुरुष होते, शेजारच्या चाचांनी मुलीला मोजा म्हटलं, तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती मागे सरली. सांगणारी, ती मुलगी.