गार्गीचा आवाज

सोमवार, ६ जानेवारी
दिघीला पोचले. आया पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा घर छान निघालं. तिसरा मजला, भरपूर ऊन, गॅलरीतून दिसते ती लष्कराची मोकळी जागा, तारेपलीकडे नुसत्या बाभळी. आमच्या हिंगोलीची आठवण झाली. गणराजदादा चाकणला कंपनीत, करिष्माताई भोसरीत एका ऑफिसात. दिवसभर मी आणि त्यांची गार्गी.

गार्गी अडीच वर्षांची. श्वासनलिका अरुंद म्हणून ऑपरेशन झालंय. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवली आहे, मानेभोवती पट्टीनं बांधलेली, श्वास तिथूनच. नळीत कफ साठला की मशीननं लगेच ओढून काढायचा. ताईंनी पुन्हा पुन्हा बजावलं, की नळी आहे तोवर तिला आवाज नाही. रडली तरी ऐकू येणार नाही, तिच्याकडे बघत राहावं लागतं.

मला बघताच तिनं माझी वेणी धरली ती सोडेचना. जमेल आमचं.

बुधवार, ८ जानेवारी
मऊ खिचडी खाल्ली, वाटी चाटूनपुसून. हसते तेव्हा नुसते खांदे हलतात. दुपारी तारेपलीकडे गोळीबाराचा सराव सुरू झाला आणि दचकून रडायला लागली. तोंड उघडं, गालांवर पाणी, आणि घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मी कडेवर घेऊन फिरत राहिले. ताईंनी मला डबा भरून लाडू दिले. घरचीच समजतात.

शनिवार, ११ जानेवारी
लिहू की नको.

गार्गी झोपली म्हणून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. बहिणीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय, बोलत बसले, हसत बसले. आत आले तर गार्गीचे ओठ निळे. हातपाय झाडत होती. कधीपासून, देव जाणे. मशीन लावलं, कफाचा गोळा निघाला, रंग परत आला.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, कसा गेला दिवस. मी म्हणाले, छान.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. ताईंनी तिळगूळ दिला, साडी दिली. म्हणाल्या, तू आहेस म्हणून मी निर्धास्त कामाला जाते. साडी उघडून बघितली नाही.

दुपारी गॅलरीतून लहान मुलाचं रडणं आलं. मोठ्यानं, हुंदके देत. खाली वाकून पाहिलं, कुणी नाही. परत आले तर गार्गीची नळी तुंबलेली. ओठ पुन्हा तसेच.

मी पुन्हा तिला सोडून गेले होते.

बुधवार, १५ जानेवारी
गॅलरीचं दार लावून घेतलं. रडणं बाथरूममधून आलं. पळत गेले. नळ कोरडा, फरशी कोरडी. मागे गार्गी गुदमरत होती.

मी गेले की हे होतं. आवाज मला तिच्यापासून दूर नेतो.

गुरुवार, १६ जानेवारी
ताईंना सगळं सांगितलं. फोन, निळे ओठ, खोटं बोलले तेही. वाटलं, हाकलून देतील. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तुलाही येतो आवाज?"

मी मान हलवली.

"तो गार्गीचाच आहे, मिनल. ऑपरेशनच्या आधी ती अशीच रडायची. घरी आणली त्याच दिवसापासून येतो. मीपण गेले गं त्याच्या मागे. माझी पोर जाता जाता वाचली. म्हणून मी घरी थांबत नाही. आईच घरात नको, असं वाटतं मला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

रडू आलं दोघींना. शेवटी त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, काही झालं तरी उठायचं नाही, वळायचं नाही, आवाजाकडे लक्षच द्यायचं नाही.

मी शपथ घेतली. गार्गीच्या डोक्यावर हात ठेवून.

शुक्रवार, १७ जानेवारी
गार्गीला जेवू घातलं. नळी साफ केली. आता खेळतेय, माझ्या खुर्चीमागे, चटईवर. मी लिहितेय, म्हणजे मन इथे राहील.

आला. आवाज आला.

अगदी जवळून. मागूनच. मुद्दाम करतंय. वळावं म्हणून —

वळणार नाही. शपथ घेतलीय. लिहीत राहायचं. खिचडी. मशीन. साडी. गार्गी गार्गी गार्गी

घोगरा झालाय. आज वेगळाच — शिट्टीसारखा मध्येच —

नाही बघणार.

थांबला. थांबला! जिंकले मी. ताईंना फोन करून सांगते, आज मी हलले नाही, आज मी तिला सोडून कुठेही —

पायाला काहीतरी लागलं. घरंगळत आलंय. ओलं.

नळी. पट्टीसकट. गळ्यातून ओढून काढलेली. नळी नसली तर तिला आवाज — म्हणजे मगाशी रडत होती ती खरीच गार्