दादाची दाढ आणि माझं बाळ

लाडक्या धाकटीस,

पोटभर आशीर्वाद. घाबरू नकोस, बाळ जिवंत आहे, दूधही पितंय. तुझे पाय अजून सुजतात का? नवरोबा चेपून देतात की नुसतेच विचारतात?

बाळाची सुंता केली आणि रक्त थांबेचना. लंगोट बदलावा तो लाल. आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "माहेरी कुणाचं रक्त न थांबण्याचा त्रास?" मी बेधडक "नाही" म्हणाले. रक्त थांबेना तसं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे दादा आठवला. दाढ काढली आणि रक्त जाऊन जाऊन गेला. आई अजून त्या दातवाल्याला शिव्या घालते.

त्या दातवाल्याची काहीच चूक नव्हती गं. हा आजार आईकडून माझ्यात, माझ्याकडून बाळात आलाय. आपल्या बायकांना फारसं काही होत नाही, मुलगे भोगतात. औषधानं रक्त थांबलं, पण आजार बरा होणार नाही म्हणाल्या. सगळ्यांची बाळं रांगायला लागली की कौतुक होतं, मला आत्तापासून धडकी भरलीय.

आईला यातलं काही सांगू नकोस. घालू दे तिला शिव्या.

तुझ्यातही असेल, नसेलही. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना दादाचं सगळं सांग. मुलगा झाला तर रक्त तपासल्याशिवाय सुंता करू देऊ नकोस.

तुला मुलगी होवो, असं लिहिणार होते. पण मुलगी म्हणजे पुन्हा तू आणि मीच की.

तुझीच,
ताई